वरच्या मजल्याचे कुलूप

दरवर्षी जून उजाडला की मंडळाच्या कचेरीतला फोन वाजू लागतो. पलीकडून बोलणारे गृहस्थ कधी नंदुरबारचे असतात, कधी धुळ्याचे, कधी बऱ्हाणपूरचे, तर कधी व्यारा-सोनगडकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्याच एखाद्या कुटुंबातले. मागणी मात्र एकच असते. मुलाला किंवा मुलीला महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे, वसतिगृहाच्या यादीत नाव लागलेले नाही, स्कूटर घेऊन देण्याची ऐपत नाही. तेव्हा कॉलेजला पायी जाता येईल अशी एखादी खोली आपल्या माणसांत मिळेल का?

आम्ही ‘बघतो’ म्हणतो. हे बघणे म्हणजे काय असते, ते आज लिहायचे आहे. लिहिताना संकोच वाटतो, कारण दोष दुसऱ्या कुणाला देऊन सुटता येईल असा हा विषय नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. खानदेशातून एक मुलगी शिल्पकला शिकायला बडोद्याला आली. सोबत वडील. दोघांना घेऊन आम्ही दांडिया बाजार ते रावपुरा या भागातली सहा घरे फिरलो. सहाही घरे आपली, नेहमीच्या उठण्याबसण्यातली. पहिल्या घरी वरचा मजला रिकामा होता, पण तो धाकट्या भावाच्या वाटणीचा आणि किल्ली त्याच्याबरोबर अमेरिकेत. दुसऱ्या घरी मुलींची जबाबदारी नको होती. तिसऱ्या घरी खोली दाखवली, चहा झाला, गणपतीच्या आराशीची चर्चा झाली आणि मग प्रश्न आला, ‘आडनाव काय म्हणालात?’ वडिलांनी आडनाव सांगितले. ‘असं, असं. उद्या कळवतो.’ चौथ्या घरी हाच प्रश्न दारातच आला. पाचव्या घरी आम्हीच आधी फोन करून विचारले, तेव्हा ‘आमच्या आईचं देवाधर्माचं फार आहे हो’ असे उत्तर मिळाले. सहाव्या घराच्या ओटल्यापर्यंत पोचलो, तेव्हा मुलीचे वडील शांतपणे म्हणाले, ‘राहू द्या साहेब. पोरीला उशीर होतोय. आम्ही दुसरीकडं चौकशी करतो.’

आम्ही त्या ओटल्यावर काय बोललो? काहीही नाही. ‘बरं’ म्हणालो आणि रिक्षा थांबवून दिली.

त्या मुलीला शेवटी तरसालीच्या बाजूला चौघींत एक खोली मिळाली. तिथून फतेगंजला यायला दोन शटल रिक्षा बदलाव्या लागत. शिल्पकलेचा विद्यार्थी कामाला लागतो तो दुपारनंतर. माती, प्लास्टर, दगड यांना घड्याळ कळत नाही. तिला मात्र सहा वाजले की हात धुवावे लागत, कारण उशीर झाला की दुसरी रिक्षा मिळण्याची खात्री नसे. तिने शिक्षण पूर्ण केले, ते तिच्या हिमतीवर. आपण त्यात काहीच केले नाही.

आता ही सहा घरे कुठे आहेत ते नकाशावर पाहू. बाहेरच्या माणसाला वाटते की विद्यापीठ म्हणजे गावाबाहेर कुठेतरी, बस पकडून जायची जागा. आपले विद्यापीठ तसे नाही. 1881 मध्ये बडोदा कॉलेज सुरू झाले आणि 1949 मध्ये विद्यापीठ झाले, ते शहराच्या पोटातच वाढले. कला शाखेचा घुमट रेल्वे स्टेशनपासून चालण्याच्या अंतरावर आहे. अभियांत्रिकी शाखा 1890 च्या कलाभवनात, म्हणजे दांडिया बाजारातून पायी दहा मिनिटांवर. संगीत महाविद्यालय सुरसागराच्या काठी. मेडिकल कॉलेज सयाजी हॉस्पिटलला लागून. प्राच्यविद्या मंदिर राजमहालाच्या दरवाजाजवळ. लालबागेत आता गतिशक्ती विश्वविद्यालय आहे, तेही जुन्या शहरापासून सायकलच्या टप्प्यात. दांडिया बाजारातून कोठी, कीर्तिमंदिर, विश्वामित्रीचा पूल, काळा घोडा असे चालत गेले तर रमतगमतसुद्धा पाऊण तासात माणूस कला शाखेच्या दारात पोचतो. सायकलवर पंधरा मिनिटांत. आपले आजोबा-पणजोबा याच रस्त्याने बडोदा कॉलेजात गेले. त्यांच्यापैकी किती जणांकडे मोटार होती?

म्हणजे विद्यार्थ्याला ज्या अंतरावर खोली हवी आहे, नेमक्या त्याच अंतरावर आपले वाडे आहेत. दांडिया बाजार, जांबूबेट, रावपुरा, बाबाजीपुरा, नवापुरा. संध्याकाळी या गल्ल्यांतून फेरी मारावी आणि मान वर करून पाहावे. तळमजल्यावर एक दिवा, टीव्हीचा आवाज, आजी-आजोबा. वरच्या दोन मजल्यांवर अंधार. मुलगा पुण्याला, मुलगी न्यू जर्सीला. खिडक्यांच्या झडपांना बाहेरून गंज चढलेला आणि आत पारव्यांचा संसार.

विद्यार्थी मात्र शहराच्या कडेला. तिथे नवी बांधकामे आहेत, पेइंग गेस्टच्या पाट्या आहेत, एका खोलीत चार-चार खाटा आहेत. पण तिथून यायचे कसे? विटकोसची बस सगळीकडे वेळेवर पोचत नाही, आणि संध्याकाळनंतर तिचा भरवसा आणखी कमी. म्हणून घरचे लोक कर्ज काढून स्कूटर घेऊन देतात. आज साधी स्कूटर रस्त्यावर आणायची तर लाखाच्या आसपास खर्च येतो आणि पेट्रोल नव्वदीच्या पुढे आहे. शिवाय बारावी झालेला मुलगा पुष्कळदा सतरा वर्षांचा असतो. नेहमीच्या स्कूटरचे लायसन्स अठरा पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर अज्ञान मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे माहीत असूनही पालक गाडी देतात, कारण दुसरा मार्ग दिसत नाही. आणंद, भरूचची मुले रेल्वेचा पास काढून अप-डाउन करतात. त्यांना निदान स्टेशनाचा शेजार आहे. नंदुरबारच्या मुलाने काय करावे?

आता आपल्या बाजूच्या अडचणी. त्या खोट्या आहेत असे आम्ही म्हणत नाही. भाडूत ठेवण्याची भीती आपल्या रक्तात भिनली आहे आणि तिला कारण आहे. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने ज्यांचे हात पोळले, ती घरे आपल्यातच आहेत. महिना दहा-वीस रुपये भाड्यावर दोन-दोन पिढ्या बसलेले भाडूत, कोर्टाच्या तारखा, वकिलाची फी. अशा घरात आजी नातवाला बजावते, ‘काही कर, पण भाडूत ठेवू नकोस.’ दुसरी अडचण वाटणीची. वाड्याचे सात वारस असतात, सात गावांना असतात आणि सातांच्या सह्या कधी एकत्र होत नाहीत. तिसरी अडचण वाड्याचीच. संडास खाली, पाणी खाली, जिना अंधारा, विजेची तार जुनी.

पण या तिन्हींवर उपाय आहेत. भाडूत वेगळा आणि आपल्याच घरात, आपल्या देखरेखीखाली ठरलेल्या मुदतीसाठी राहणारा पेइंग गेस्ट विद्यार्थी वेगळा. अकरा महिन्यांचा लेखी करार, पोलीस ठाण्यात नोंद, दर महिन्याची पावती, एवढे नीट केले तर विद्यार्थी घर बळकावत नाही. तो परीक्षा झाली की ट्रंक उचलून जातो, पुष्कळदा आपल्याला चुटपूट लावून जातो. वाटणीचा प्रश्न असेल तर आपल्या ताब्यातल्या खोलीपुरते बोलावे. एक न्हाणीघर वर काढायला आणि तारा बदलायला खर्च येतो, पण बंद वाडा दर पावसाळ्यात जे मागतो त्यापेक्षा तो जास्त नसतो. बंद घर लवकर पडते हे आपल्याला सांगायला नको. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा पुरातत्त्व खात्याने सांभाळला म्हणून त्याच्या भिंतींवरची चित्रे आज पाहायला मिळतात. आपल्या वाड्यांना खाते नाही. त्यांना माणसेच सांभाळतील.

राहिली चौथी अडचण, जी कुणी अडचण म्हणून सांगत नाही. आडनावाची.

बडोद्याच्या माणसाने या बाबतीत एक इतिहास विसरू नये. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले आणि करारानुसार राज्याची नोकरी करण्यासाठी 1917 च्या सप्टेंबरात बडोद्याला आले. परदेशात उच्च शिक्षण घेतलेल्या या माणसाला आपल्या शहरात राहायला खोली मिळाली नाही. पारशी सरायीत ते आपली ओळख लपवून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगितले गेले. दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला. एक हिंदू होता. तो म्हणाला, तुम्ही आलात तर घरातले नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती होता. त्याला आधी पत्नीला विचारायचे होते. बाबासाहेबांनी हे सगळे स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवले आहे. गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठीबागेत बसून राहिले आणि मुंबईला परतले. त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात. दर 23 सप्टेंबरला तिथे लोक जमतात. आपले पुढारीही हार घेऊन जातात आणि त्यांचे फोटो छापून येतात.

त्या दिवशी त्यांना दार कोणी लावले, याची यादी करताना आपण पारशांचे नाव पटकन घेतो. पण तेव्हाचे बडोदे मराठी अंमलदारांचे होते. कचेऱ्या आपल्या होत्या, वाडे आपले होते. एवढ्या मोठ्या मराठी वस्तीत एकही वरचा मजला त्यांच्यासाठी उघडला नाही. ‘नोकर निघून जातील’ आणि ‘आईचं देवाधर्माचं फार आहे’ या दोन वाक्यांत शंभराहून अधिक वर्षांचे अंतर आहे. अर्थात मात्र तसूभरही फरक नाही. खानदेशातल्या त्या मुलीच्या वडिलांना हा इतिहास आपल्यापेक्षा चांगला ठाऊक असणार. म्हणूनच ते सहाव्या घराच्या ओटल्यावरून परत फिरले.

आपण आतिथ्याच्या गोष्टी सांगताना वार लावून शिकलेल्या मुलांची आठवण काढतो. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी जेवून शिकलेली मुले पुढे न्यायाधीश झाली, प्राध्यापक झाली. ते खरे आहे आणि त्या घरांचे ऋण मोठे आहे. पण वार लागत होता तो जातीतल्या मुलाला. ज्यांना वार लागत नव्हता, त्यांच्यासाठी वेगळे काही उभारावे लागले. 1901 मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले आणि पुढे एकेका समाजासाठी अशी वसतिगृहे उभी राहिली. 1924 मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वसतिगृह काढले, तिथे सगळ्या जातींची मुले एका पंक्तीला जेवली. मराठी समाज शिकला त्यात शाळांचा वाटा आहे, तसा या छपरांचाही आहे. मुलाला पाटीपेन्सिल देऊन भागत नाही. रात्री पाठ टेकायला जागा लागते, आणि ती शाळेजवळ लागते.

हे राजकीय पत्रक आहे, तेव्हा राजकारणाचे बोलू. महापालिकेच्या निवडणुका आल्या की आपल्या बैठका होतात. मराठी उमेदवारांना तिकिटे किती, मराठी माध्यमाच्या शाळा का बंद पडल्या, विद्यापीठाच्या मराठी विभागात विद्यार्थी किती उरले, यावर तावातावाने भाषणे होतात. आम्हीही केली आहेत. पण ज्या समाजाची तरुण मुले बाहेर जातात आणि बाहेरून येणाऱ्या तरुण मुलांना जो दारातून परत पाठवतो, त्याचे वजन कुठला पक्ष धरील? दरवर्षी मराठी बोलणारी नवी पोरे आपण न बोलावता बडोद्यात येतात. ती नाटकात काम करतील, ग्रंथालयात बसतील, गणपतीत राबतील. त्यांतली काही इथेच नोकरी धरतील आणि इथले मतदार होतील. आपण त्यांना तरसालीला पाठवतो आणि मग ‘बडोद्यातली मराठी संपत चालली’ म्हणून परिसंवाद घेतो.

आणि खोली फक्त मराठी मुलालाच द्यावी असेही आमचे म्हणणे नाही. डांगचा आदिवासी मुलगा असो, बिहारचा असो, केरळची मुलगी असो. बडोद्याने आपल्याला तीन शतके सांभाळले ते आपण इथले मूळचे होतो म्हणून नव्हे. गुजराती भाषकांच्या मुलखात आपण पाहुणे म्हणून आलो आणि घरचे झालो. ज्याला दुसऱ्याने जागा दिली, त्याने तिसऱ्याला द्यावी, एवढा साधा हिशेब आहे.

महापालिकेकडे काय मागायचे तेही ठरवून मागू. कोठी ते काळा घोडा या रस्त्याच्या दोन्ही अंगांना चालता येईल असा मोकळा फुटपाथ. विश्वामित्रीच्या पुलावर आणि कीर्तिमंदिराच्या बाजूला रात्री पुरेसा उजेड. जुन्या शहरातून विद्यापीठाकडे आणि परत, वाचनालये व कार्यशाळा बंद होण्याच्या वेळेनंतरही धावणारी बस. स्टेशनावर आणि प्रत्येक शाखेच्या दारात सायकली लावण्याची छपराखालची जागा. विद्यार्थ्याला खोली दिली म्हणून घरवेरा वाढणार नाही, असा स्पष्ट ठराव. आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीच्या पुरात पुलांवरची वाहतूक बंद पडली, घरांत पाणी शिरले, तशी वेळ पुन्हा आली तर एकटे राहणाऱ्या विद्यार्थ्यांना कुठे हलवायचे याची आधीच केलेली व्यवस्था. यांत उड्डाणपुलाइतका खर्च कशालाच नाही. मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवारापुढे, मग तो आपल्या आडनावाचा असला तरी, हा कागद ठेवावा.

पण महापालिकेच्या आधी आपण. या जूनपासून मंडळाच्या कचेरीत एक वही ठेवली आहे. ज्यांच्या घरी एक जरी खोली देण्यासारखी असेल त्यांनी तिच्यात नोंद करावी: पत्ता, कुठल्या शाखेपर्यंत पायी किती मिनिटे, पाणी व न्हाणीघराची सोय, भाडे, डबा मिळेल की नाही. कराराचा नमुना, पोलीस नोंदणीचा कागद यांची व्यवस्था मंडळ करील. घराचे नियम घरमालकाने ठरवावेत. मांसाहार चालणार नसेल तर तसे आधीच लिहावे, रात्री येण्याची वेळ लिहावी. पण जे नियम मुलीला तेच मुलाला, आणि जे एका आडनावाला तेच दुसऱ्याला. विद्यार्थी घरात आहे म्हणून म्हाताऱ्या माणसांना रात्रीची सोबत होते, औषध आणून देणारे कुणी असते, हा फायदा आहेच. पण तो मायेने मिळू द्यावा. भाडे देऊन राहणाऱ्या मुलाला फुकटचा गडी समजू नये.

वहीत एक रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. विद्यार्थ्याच्या जातीचा. जे घरमालक हा प्रश्न विचारतील त्यांचे नाव आम्ही वहीतून काढू. सभासद जुने असोत, देणगीदार असोत, कार्यकारिणीतले असोत. या वाक्यावर कार्यकारिणीत दोन तास चर्चा झाली आणि एकमत झाले नाही, हे लपवण्याचे कारण नाही. बहुमताने झाले.

हा लेख लिहिणाऱ्यांपैकी एकाच्या घरीही वरच्या मजल्याला बारा वर्षे कुलूप होते. ती किल्ली त्या दिवशी, सहा घरे फिरताना, आमच्यापैकी एकाच्या खिशात होती. ‘आमच्याकडे चला’ हे दोन शब्द त्या ओटल्यावर तोंडातून निघाले नाहीत. का निघाले नाहीत, याचे जे उत्तर आहे तेच या लेखाचे कारण आहे. मागच्या महिन्यात ते कुलूप तेल घालून उघडले. पारव्यांची घाण काढायला चार दिवस लागले, तारा बदलल्या, एक नळ वर नेला. वहीत पहिली नोंद त्या खोलीची आहे: कलाभवन, पायी बारा मिनिटे.

दुसरी नोंद कोणाची असेल, याची आम्ही वाट पाहत आहोत.